उंच सीटची गाडी

खारू आत्यावर गेलीय, असं घरात येणारा प्रत्येक माणूस म्हणायचा आणि दर वेळी आईला कुठेतरी टोचायचं. खारूचं नाक आईचं, झोपेत ओठ चावायची खोडसुद्धा आईचीच. पण लोकांना दिसायचं ते तिचं ढांगा टाकत चालणं आणि दोन-दोन पायऱ्या गाळून जिना उतरणं. ते मात्र आत्याचं होतं.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या खडीच्या खाणीत ती मोटरसायकल शिकवायची. रस्त्यावरची नव्हे, मातीतली. चढ, खड्डे, चिखल, दगड. तिने लग्न केलं नव्हतं, गुडघ्यावर टाक्यांच्या खुणा होत्या आणि ती हसली की शेजारच्या इमारतीत ऐकू जायचं. आई सोफे आणि गाड्यांच्या सीटा शिवायच्या दुकानात कामाला होती. दिवसभर फोम, रेक्झिन आणि जाड सुई. खारू लहान असताना शाळेतून थेट तिथेच यायची, फोमच्या ढिगावर लोळत गृहपाठ करायची आणि शाळेतलं सगळं आईच्या कानावर घालायची. पंधरावं लागलं आणि शाळा सुटली की तिचे पाय खाणीकडे वळायला लागले.

घरी यायची ती भुवयांपर्यंत चिखल घेऊन. मग जेवताना प्रत्येक घासाला आत्या.

"आत्या म्हणते, वळणावर चाकाकडे बघायचंच नाही, जिथे जायचंय तिकडे बघायचं."

"आणि जेवताना ताटाकडे बघायचं की नाही, त्याबद्दल आत्या काय म्हणते?" आईने विचारलं.

बाबा गालातल्या गालात हसले.

"तुम्हाला काय हसू येतंय?"

"मी कुठे हसतोय?" असं म्हणून बाबांनी ताटात डोकं घातलं. बहीण आणि बायको यांच्यामध्ये न पडण्यात त्यांची सगळी हयात गेली होती.

परीक्षेत खारूने चांगलीच बाजी मारली, तेव्हा तिला स्वतःची गाडी घ्यायची असं ठरलं. दुसऱ्याच दिवशी आत्या हजर. हेल्मेट काढायच्या आधीच म्हणाली, "वहिनी, मी एक बघून ठेवलीय. छोटीशी, हलकी, सीट बुटकी. नवशिक्या पोरींना तीच बरी."

मुलगी माझी आणि गाडी हिने बघून ठेवलीय, आईच्या मनात आलं. तोंडाने ती एवढंच म्हणाली, "बघू. दुकानात जाऊन ठरवू."

त्यानंतर आईने दुपारच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून मोबाइलवर मातीतल्या गाड्या बघायला सुरुवात केली. सस्पेन्शन कशाला म्हणतात, चाकं मोठी का असतात, सगळं तिने तोंडपाठ केलं. शेजारच्या मशीनवरची बाई म्हणाली, "तू काय शर्यतीत उतरणार आहेस का?" आईला हो म्हणावंसं वाटलं. शर्यत सुरूच होती.

दुकानात आत्याने निवडलेली लाल गाडी दाराशीच उभी होती. खारू तिच्यावर बसली तर दोन्ही पाय टाचांसकट जमिनीला टेकले. ती जागच्या जागी डुलायला लागली. तिचा तो फुललेला चेहरा आत्याकडे वळला आणि आईने पलीकडच्या निळ्या गाडीवर हात ठेवला.

"ही बघ. हिचं सस्पेन्शन केवढं चांगलं आहे."

"वहिनी, ती उंच आहे," आत्या म्हणाली. "इंजिनालाही दम जास्त आहे. मोठ्या माणसांची गाडी आहे ती."

"पोरं वाढतात. वर्षभरात ती लाल गाडी हिला खेळण्यासारखी वाटेल."

"पण ते वर्ष आधी जायला हवं ना."

खारू निळ्या गाडीवर चढली. पायांची फक्त बोटं टेकत होती. तिने आत्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं, आणि आईकडे जरा जास्त वेळ पाहत राहिली.

"मला आईने निवडलेली आवडली," ती म्हणाली.

आईने आधी आत्याचा चेहरा पाहिला. खारूचा चेहरा पाहायचं राहूनच गेलं.

"ठीक आहे," आत्या म्हणाली. "तुमची पसंती."

पहिल्या रविवारी आई हौसेने खाणीवर गेली. खारू चांगली निघाली, पण थांबायची वेळ आली की पाय जमीन शोधायचा आणि गाडी हळूच आडवी व्हायची. एकदा झालं, पुन्हा झालं. ती जड गाडी उचलताना तिला मध्येच दम घ्यावा लागत होता. आत्या शेजारी उभी होती, पण तोंडातून चकार शब्द काढत नव्हती. मी तरी सांगत होते, असं तिने म्हटलं असतं तर आईला भांडता तरी आलं असतं. त्या गप्प बसण्याने आईचा आणखीच तिळपापड झाला.

"त्यात काय एवढं?" ती मोठ्याने म्हणाली. "सीट उंच आहे ना? मी कापते."

सीट काढून तिने आपल्या कामाच्या दुकानात नेली. कव्हर सोलून फोम कापला, कडा घासून गोल केल्या, वर नवं निळं रेक्झिन ताणून बसवलं. शिलाई इतकी सरळ आली की तिचीच नजर हटेना. हे काही आत्याला जमलं नसतं. सीट बसवल्यावर खारूचे पाय जमिनीवर आले. खारूने आईला मिठी मारली, आणि आईने त्या मिठीतून खांद्यावरून आत्या कुठे आहे ते पाहिलं.

त्यानंतर जेवताना आत्याचं नाव येईनासं झालं. सुरुवातीला आईला बरंच वाटलं. मग लक्षात आलं, की आत्याचंच काय, कुणाचंच नाव येत नाहीये. खारू खुर्चीच्या कडेवर तिरकी बसून जेवते आणि उठून जाते. एके दिवशी ती खुर्चीवर उशी ठेवून बसली, तेव्हा आईने तिला खोलीत नेलं. मांड्यांच्या मागे काळेनिळे वळ होते.

"सीटखालचं लोखंड लागतं," खारू म्हणाली. "गुडघे हँडलला आपटतात. आणि गाडी सुटते ना आई, ती मला आवरतच नाही. भीती वाटते."

"मग बोलली का नाहीस?"

"तू एवढं केलंस ना माझ्यासाठी."

आई पलंगावर बसली. "आत्याला माहीत आहे?"

खारूने मान खाली घातली. "तिने सांगितलं होतं, आईला सांग म्हणून. मी नको म्हटलं. मग चार दिवसांपासून ती मला शिकवायच्या गाडीवर बसवायला लागली आणि निळी स्वतः फिरवून चिखल लावून ठेवते. तुला वाईट वाटू नये म्हणून."

म्हणजे दोघींचं गुपित होतं, आणि तेसुद्धा आईला जपण्यासाठी. वळ टोचलेच होते, पण हे त्याहून खोल लागलं. आपण आपल्याच घरात पाहुण्यासारख्या झालोय, असं तिला वाटलं, आणि त्याच वेळी स्वतःची लाजही वाटली.

सकाळी ती कामावर जायच्या आधी खाणीवर गेली. आत्या उकिडवी बसून चेन आवळत होती.

"मी जळत होते गं तुझ्यावर," आई म्हणाली.

"माहीत आहे."

"अजूनही जळते."

आत्या इतक्या जोरात हसली की खाणीच्या भिंतीवरून हसू परत आलं. हात पुसत ती म्हणाली, "वहिनी, ती पडली की काय ओरडते माहीत आहे? 'आई गं!' इतके दिवस शेजारी मी उभी, पण एकदा तरी 'आत्या गं' म्हणेल तर शपथ."

"ते तर सगळेच ओरडतात."

"मी नाही ओरडत. मी शिव्या घालते."

आईला हसू आवरेना. निळी गाडी मोठ्या शिकाऊ मंडळींसाठी खाणीवरच ठेवायची आणि तिच्या सीटमध्ये आईने पुन्हा फोम भरायचा, असं दोघींनी तिथेच ठरवलं.

पुन्हा गाडी घ्यायला तिघी गेल्या. लाल गाडी अजून दाराशीच होती. आत्या तिच्याकडे निघाली. आई ओठ मिटून मागे चालली. पण खारू कोपऱ्यातल्या एका वापरलेल्या गाडीपाशी थांबली होती. रंग उडालेली, एक आरसाही नसलेली गाडी. तिने ती मुद्दाम आडवी केली, पाठ टेकवून एकटीने उचलली, वर बसली, टाचा टेकवल्या, क्लच दाबून पाहिला.

"ही," ती म्हणाली.

"अगं, पण लाल का नको?" आत्याचा आवाज जरा चढला. "मी ती एवढी पारखून काढली होती. काय वाईट आहे तिच्यात?"

"काही नाही. मला ही हवीय."

आत्या ओठ चावत उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं होतं, ते आईने ताबडतोब ओळखलं. इतके दिवस ते तिच्या स्वतःच्या चेहऱ्यावर मुक्कामाला होतं. तिला मनापासून बरं वाटलं, मग थोडं वाईटही वाटलं. तिने आत्याचा दंड धरला.

"चल," ती म्हणाली, "सह्या करायच्या आहेत."