माझं राहिलेलं कडवं

मी एक गाणं बोलतोय. तेच, ज्याच्यावर परवाच्या हळदीत तुम्ही शर्ट फिरवत नाचलात. ओळखलंत म्हणता? छे! तुम्हाला फक्त माझी धून पाठ आहे.

माझा जन्म मिठागरातला. जुईनगरच्या पलीकडे खाडीकाठी, सिडको यायच्या आधी. गोजरा नावाची नवी नवरी उन्हात मीठ ओढायची आणि समोरच्या बांधावर तिचा नवरा कमळाकर राबत असायचा. तिनेच मला रचलं: "उनान तापला खार, सावली दे ना जरा." तीन कडवी तिची, चौथं त्याचं उत्तर. बाईचं कडवं बाईने म्हणायचं, बाप्याचं बाप्याने, अशी रीत होती. नवऱ्याचं नाव तिने माझ्यात एकदाही घेतलं नाही. तीही रीतच.

एक दिवस कुणी हौशी मास्तर टेपरेकॉर्डर घेऊन आला. गोजराची तीन कडवी झाली. कमळाकर तोंड उघडणार, इतक्यात भरतीच्या पाण्याने बांध फोडला. रीतभात विसरून गोजरा नाव घेऊन ओरडली, "कमळाकर, धाव रं, बांध फुटला!" मास्तरने टेप बंद केला आणि घर गाठलं. दोघांचं हंगामभराचं मीठ त्या दिवशी पाण्यात गेलं.

माझ्या पुढच्या सगळ्या नकला त्या टेपवरून झाल्या. पहिल्या कॅसेटवाल्याने ती किंकाळीसुद्धा चालीत बसवली. गाढवाला वाटलं, धृपद आहे! दुसऱ्याने ढोल घातला. तिसऱ्याने कमळाकरचं नाव काढून तिथे नवरदेवाचं नाव घालायची सोय केली. एका सोसायटीने मला 'पारंपरिक कोळीगीत' म्हणून नाचवलं, मी आगऱ्यांचा असून! एका बाईंनी रील केलं, त्यात डोक्यावर छत्री धरून सावली मागत होत्या. गोजराचं घर या सगळ्यांपासून रिक्षाच्या अंतरावर. पण "पुढचं कडवं काय होतं हो?" असं विचारायला एकही मायेचा पूत फिरकला नाही.

ते कडवं आता एकट्या कमळाकरच्या तोंडी उरलं होतं. वय ऐंशी, आणि घरातल्यांची नावंही विसरतो. तो विसरला की माझं उत्तर कायमचं गेलं. मला भीती वाटायची, उगाच कशाला लपवू?

गेल्या महिन्यात त्यांच्या नातीची, उन्नतीची हळद होती. दुपारी मांडवात ती आजोबांच्या पायाशी येऊन बसली.

"आजोबा, डीजे चालू व्हायच्या आधी तुमचं कडवं म्हणा ना. मला पाठ करायचंय."

म्हातारा खाकरला. "सावली कुठशी आनू..."

तिच्या भावाचा, तेजसचा, साऊंडचा धंदा. त्याला कुठला धीर! त्याने खाली ठेका सोडला. "आजोबा, बीटवर घ्या! एकदम भारी होईल!"

कमळाकर दचकला. इकडेतिकडे बघत राहिला. "पुढं काय होता गो?"

पोरांपैकी कुणालाच माहीत नव्हतं.

"टेन्शन नाय," तेजस म्हणाला, "तिथं 'बांध फुटला' टाकतो."

गोजरा उठली. तिने बॉक्सची वायर उपटली आणि आयुष्यात पहिल्यांदा बाप्याचं कडवं तोंडात घेतलं:

"सावली कुठशी आनू, खारान झार नाय,
माज्या पाठीवर ऊन, तुज्यापुरती सावली हाय."

पन्नास वर्षांपूर्वी समोरच्या बांधावरून ती ते रोज ऐकायची. कमळाकरच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं असतं, डोळे असते तर.

"आजी, परत म्हण! रेकॉर्डिंग चालू नव्हतं!" तेजस ओरडला.

"ऱ्हाव दे. जिला पायजे होता तिनं आयकला."

उन्नती ओठांतल्या ओठांत घोकत होती. तिला मी पुरा पाठ आहे. ज्याला हवा असेन त्याने तिच्याकडे जावं, फोन खिशात ठेवून. बाकीच्यांनी माझ्या वाटेला जाऊ नये.

संध्याकाळी वायर पुन्हा जोडली गेलीच. बॉक्समधून "बांध फुटला" आलं आणि सगळा मांडव उसळला. खुर्चीत बसलेला कमळाकर ताडकन उठला आणि अनवाणी खाडीच्या दिशेने निघाला. गोजराने त्याचा हात धरला.

"बसा. मीठ कवाच गेला."

इतक्या वर्षांत माझ्या त्या हाकेला धावणारा तो एकटाच. तुम्ही नाचा.