पाहुण्याचं पाणी

लोणावळ्याच्या सार्वजनिक वाचनालयात बाजाराच्या दिवशी दुपारी दोन ते चार पुरुषांना मज्जाव असे. दोनचे ठोके पडले की चिटणीस हौशीराम लांबलचक टेबलावरून वर्तमानपत्रं गोळा करत, पेंगणाऱ्या म्हाताऱ्यांना हलवून उठवत आणि स्वतः बाहेर ओट्यावर जाऊन बसत. मग बायका यायच्या. भाजी, अंडी, करवंदं विकून मोकळ्या झालेल्या. रिकाम्या पाट्या ओसरीवर पालथ्या, वहाणा पायरीखाली, आणि इतक्या खुर्च्या असून सगळ्या जमिनीवर! खुर्चीवर बसलं की पाय लोंबतात आणि ऐकलेलं सगळं खाली सांडतं, असं कुरवंड्याच्या बयाबाईचं म्हणणं होतं.

खुर्चीवर बसायची ती एकटी ठकू. वय वर्षं चौदा, मराठी सहावी पास, बाप रेल्वेत सांधेवाला. गेल्या दिवाळीपर्यंत हिचा आवाज वर्गात पुढच्या बाकालाही ऐकू जात नसे. पण बायकांना वर्तमानपत्र वाचून दाखवायला कुणी मिळेना, तेव्हा वाचनालयानं शाळेतून हिला मागून घेतलं, आणि मग काय विचारता! आता ठकू वाचायला लागली की ओट्यावरचे हौशीराम आतून कुणी दरडावल्यासारखे दचकत. पृथ्वीवरची झाडून सगळी माहिती आपण या बायकांच्या ओटीत घालू शकतो, अशी तिची खात्री झाली होती.

ती खात्री पहिल्यांदा आपटली ती बयाबाईवर. बयाबाई म्हणजे ठकूची सख्खी आत्या. तिच्या उजव्या घोट्याशी पट्टी होती, पट्टीत कडुनिंबाचा पाला, आणि पाल्याखाली एका काडीला गुंडाळलेलं पांढरं सूत. ते सूत नव्हतं. तो नारू होता, पायातून निघणारा हातभर लांबीचा किडा. रोज बोटभर काडीला गुंडाळायचा, तुटू द्यायचा नाही. तुटला की पाय भोपळ्यासारखा. गेल्या साली भातलावणीच्या ऐन दिवसांत आत्या चाळीस दिवस अंथरुणावर होती. त्याच्या आदल्या साली डावा पाय.

आणि ठकूला एक पत्रक सापडलं होतं. नारू पाण्यातून येतो. विहिरीत डोळ्याला दिसणार नाही एवढा जीव असतो, त्याच्या पोटात नारूचं बी असतं. दुहेरी फडक्यानं पाणी गाळा, नारू होणार नाही. एवढं सोपं! ठकूनं ते खणखणीत आवाजात वाचलं आणि विजयानं आत्याकडे पाहिलं.

"पान्यातून?" आत्या म्हणाली. "आगं, नारू ही शीर हाय शीर. उन्हानं तापली की भाईर येती. माज्या आज्ज्याला हुता, बाला हुता, मला हाय. घराणं हाय ते."

"आत्या, छापलंय इथं!"

"छापनाऱ्यानं आमची हीर बघितलीया व्हय? पायऱ्या उतरून ये म्हनावं, तळ दिसतो तळ!" बायका हसल्या. आत्यानं पाय चोळत चोळत अट घातली. "माज्या डोळ्यानं दाव. एकडाव. दावलंस तर जल्मभर गाळून पिईन. न्हाई दावलंस, तर हे कागदाचं शानपन पुन्हा माज्याम्होरं काडायचं न्हाई. कबूल?"

"कबूल!" ठकू म्हणाली. आणि घरी जाताना तिच्या लक्षात आलं. दिसणार नाही एवढा जीव दाखवायचा कसा?

वाट काढली ती दवाखान्यातल्या नर्सबाईंनी. ताजुन्निसाबाई मावळातल्याच, कुरवंड्यातली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली. त्यांनी डॉक्टरांकडून सूक्ष्मदर्शक यंत्र दोन तासांच्या बोलीवर मागून घेतलं. आत्याला निरोप गेला की पुढच्या बाजाराला येताना आपल्या विहिरीचं तांब्याभर पाणी आण.

त्या दिवशी वाचनालयात पंचवीस-तीस बायका! मळवलीच्या आल्या, बाजारातल्या बोहारणी आल्या, दोघीतिघी तान्ही पोरं घेऊन आल्या. पश्चिमेच्या खिडकीत टेबल ओढलं होतं आणि त्यावर ते यंत्र, काळंभोर, पितळी नळीचं, खाली चिमुकला आरसा. आरशानं ऊन धरायचं आणि नळीत वर पाठवायचं.

"ऊन आहे तोवरच हं," ताजुन्निसाबाई म्हणाल्या. "साडेतीनला ते फणसाच्या झाडाआड जातं. मग सगळा अंधार."

आत्या लंगडत आली ती थाटात. कुरवंड्याहून डोक्यावर तांब्या, चिंचेनं असा घासलेला की त्यात तोंड बघावं. तांब्याच्या तोंडाला पांढरंशुभ्र फडकं बांधलेलं, वाटभर पाणी हिंदकळून ते चिंब. तिनं फडकं सोडून मुठीत धरलं आणि तांब्या टेबलावर ठेवला. "घ्या बाई, बगा आमचं पानी."

ताजुन्निसाबाईंनी थेंब काचेवर घेतला, आरसा फिरवला, नळी खालीवर केली. बराच वेळ पाहिलं. मग बाजूला झाल्या. "ठकू, तू बघ."

ठकूनं एक डोळा हातानं झाकला, दुसरा नळीला लावला. गोल पांढरा उजेड, चांदण्याच्या ताटासारखा. आणि ताटात काही नाही.

दुसरा थेंब. काही नाही. तिसरा तांब्याच्या तळातला. काही नाही. एक केस होता, तो बहुतेक ठकूचाच.

"काय गं?" आत्या म्हणाली. "वाघ दिसला का ल्हांडगा?"

सगळं वाचनालय खो खो हसलं. ओट्यावरून हौशीरामांचंसुद्धा हसू ऐकू आलं. ठकूच्या कानांच्या पाळ्या पेटल्या. तीन वाजून गेले होते. फणसाची सावली खिडकीच्या चौकटीला लागली होती.

"जाऊ दे, पोर हाय," आत्या मायेनं म्हणाली, आणि ते तर फारच लागलं. कारण आता ती कधीच ऐकणार नव्हती. पुढच्या साली पुन्हा पट्टी, पुन्हा काडी. आत्यानं तांब्या उचलून ताजुन्निसाबाईंपुढे धरला. "बाई, तुमी लय कष्ट घेतलं. घोटभर प्या. लाजू नगा, पाव्हन्याचं पानी हाय, गाळून आनलंय."

ठकूनं मान वर केली.

"काय म्हणालीस आत्या?"

"गाळून आनलंय म्हनलं. मानसांफुडं मांडायचं पानी, तसंच कसं आनू? गावाची अब्रू हाय का न्हाई? पाव्हना आला, जावई आला की आमी गाळूनच देतो. आईपासनं रीत हाय आमची."

"आणि तुम्ही?"

"आमी घरचीच की! घरच्याला कशाला गाळायचं?"

ठकू खुर्चीवरून उठली नाही, उडाली. "फडकं! ते फडकं कुठंय? ज्यानं गाळलंस ते?"

"ह्येच की." आत्यानं मूठ उघडली.

ताजुन्निसाबाईंना एका क्षणात कळलं. त्यांनी खिडकीतली बशी ओढली. ठकू वाचनालयाच्या माठाकडे धावणार, तोच त्यांनी तिचा हात धरला. "ते पाणी नको. उद्या म्हणतील, माठातलेच किडे. हे घे, तांब्यातलं. हे तर सगळ्यांसमोर तपासलंय, यात काही नव्हतं."

फडकं उलटं करून बशीत खळबळलं. एक थेंब काचेवर. आरसा थोडा वळवावा लागला, उन्हाची शेवटची पट्टी उरली होती. ठकूनं डोळा लावला.

आणि ओरडायचं विसरून गेली.

चांदण्याचं ताट आता भरलेलं होतं. त्यात काहीतरी पोहत होतं, थांबत होतं, टुणकन उडी घेत होतं. काचेचं अंग, असं पारदर्शक की आत काहीतरी सारखं धडधडताना दिसावं. पुढे दोन लांब मिशा, वल्ह्यांसारख्या चालणाऱ्या. शेपटीला पिसांचा झुबका. आणि कपाळाच्या मधोमध एकच एक डोळा, गुंजेसारखा लाल! तो डोळा सरळ ठकूकडे बघत होता. एवढं सगळं, एवढं रेखीव, एका थेंबात! कुणी घडवलं असेल हे, आणि कुणी बघावं म्हणून? कुरवंड्याच्या विहिरीत आजवर किती घागरी बुडाल्या, आणि कुणालाच माहीत नव्हतं की हे तिथं आहे.  आपण वाचतो ते सगळं खरंच असतं की काय, असं ठकूला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

"आत्या," ती इतकं हळू म्हणाली की पूर्वीची ठकू परत आली असं वाटावं, "बघ."

आत्यानं पदरानं डोळा पुसला, पट्टीचा पाय लांब ठेवून वाकली.  

"आई आई आई..." आत्या पुटपुटली.  मग, "आगं बया! हिच्या दोनी काखंला पोतडी हाय!"

"अंडी आहेत ती," ताजुन्निसाबाई म्हणाल्या. "मादी आहे."

"लेकुरवाळी हाय!" आत्या डोळा न काढता ओरडली. "दोनी कडंवर पोरं घेऊन चाललीया बगा, आपुन बाजाराला निघतो तशी!"

मग काय, झुंबड! एकेकीनं डोळा लावला. कुणी हात जोडले, कुणी "अय्या" म्हणून मागे सरली, एका बोहारणीनं चक्क कानशिलावर बोटं मोडली. बाहेरून हौशीरामांचा केविलवाणा आवाज आला, "अहो, आम्हालाही दाखवा की जरा!"

"चार वाजेस्तवर बायकांचं!" पंचवीस तोंडांनी उत्तर दिलं.

या गोंधळात आत्या मात्र भिंतीला टेकून बसली होती. बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं करत होती. ठकू तिच्याजवळ गेली.

"जावई पंधरा वर्सं येतो," आत्या म्हणाली. "वैशाखात येतो, म्हैनाभर ऱ्हातो. त्याला कदी झाला न्हाई. माज्या भावाला, तुज्या बाला, हितं रेल्वेत गेल्यापासनं न्हाई, आन आला तरी पाव्हना म्हून गाळूनच प्यायला. आन मला, माज्या धन्याला, थोरल्याला..." तिनं पट्टीवर हात ठेवला. "फडकं घरात हुतं गं. खुंटीला हुतं. समद्यांला दिलं, आमी तेवढी ऱ्हायलो."

ठकूला बोलायचं होतं. छापलेलं, पाठ केलेलं, सगळं. पण तिनं काहीच वाचलं नाही. तांब्या उचलला, वाटीत पाणी ओतलं आणि आत्यापुढे धरलं. दोन्ही हातांनी, पाहुण्याला देतात तसं.

आत्यानं वाटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मी व्हय पाव्हनी?"

"आजपासून घरातली सगळी."

"लय शानी हायेस," आत्या म्हणाली, आणि सगळं पाणी प्यायली.

मग ती पुन्हा टेबलाकडे गेली. ऊन तोवर फणसाआड गेलं होतं. ताजुन्निसाबाई यंत्र पुसायला घेणार, तर आत्यानं त्यांना थांबवलं आणि नळीला डोळा लावला.

"आता काही दिसायचं नाही हो," ताजुन्निसाबाई म्हणाल्या. "काळोख आहे तिथं."

"दिसत न्हाई म्हून काय झालं?" आत्या म्हणाली. तिनं डोळा काढला नाही. "हाय ती तितं."

निघताना तिनं फडकं पिळून झटकलं. मग कपाळावरच्या कुंकवाला बोट लावून फडक्याच्या एका बाजूला कुंकवाचा ठिपका दिला. ही बाजू कायम वर, नाहीतर अडकलेलं पुन्हा पाण्यात जायचं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, पत्रकातही नव्हतं. ठकूनं पत्रक काढलं आणि खाली समासात, टाक दाबून, तेवढं लिहून ठेवलं.