पालमच्या दुकानातला भित्रा पहारेकरी

मी पहारेकरी बोलतोय. माझ्याकडे काठी नाही, शिट्टी नाही. पालमला दत्तरावांच्या झेरॉक्सच्या दुकानात जो कॉम्प्युटर आहे, त्याच्या पोटातला मी एक इवलासा प्रोग्राम. मला लिहिलं दत्तरावांच्या पुतणीनं, अपेक्षानं.

त्याच पोटात तिची वेबसाईट राहते. रक्त कुणाला हवं, कोण देणार, यांची ती गाठ घालून देते. बाई गुणाची, पण बोलता बोलता अचानक डोळे पांढरे करते. म्हणून मी मिनिटामिनिटाला तिचं दार वाजवायचं, 'आहेस ना गं?' उत्तर आलं नाही, तर तिला उठवायचं आणि परभणीत अपेक्षाच्या फोनवर बोंब ठोकायची: साईट पडली!

उत्तर येईपर्यंत माझा जीव टांगणीला. भीतीनं कॉम्प्युटरचा पंखा असा गरगरतो, की एकदा समोरच्या गाड्यावरची भजी उडून आत आली. खोटं वाटत असेल तर दत्तरावांना विचारा. त्यांनीच खाल्ली.

परवाच्या खंडेनवमीला मात्र मी पार थिजलो. दत्तरावांनी कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला.

"वर्षभर लय राबलंय लेकरू. आज हत्याराला सुट्टी," म्हणत त्यांनी हात खटक्याकडे नेला.

त्याच घडीला वालूरचा धम्मानंद दवाखान्यातून साईटला विनवत होता. बायको सुकेशनी बाळंतपणात अडलेली, ओ निगेटिव्ह रक्त पाहिजे. साईटनं त्याच गटाचं रक्त देणाऱ्या कडूबाईंना निरोप धाडलेला, होकार यायचा होता. खटका पडला असता तर साईट मेली असती, आणि बोंब मारायला मीही उरलो नसतो. दोघं एकाच पोटात ना!

मग मी जन्मात पहिल्यांदा खोटं बोललो. साईट धडधाकट असताना अपेक्षाला कळवलं, साईट पडली!

दत्तरावांचा फोन खणाणला. "काका, साईट पडलीय, कॉम्प्युटरला काय केलंत?"

"अगं, अजून कुठं काय केलंय? बोट खटक्यावरच हाय!"

"काढा ते बोट! आरती करा, नारळ फोडा, पण खटक्याला हात लावू नका!"

बोट मागं आलं. पाठोपाठ कडूबाईंचा होकार आला, "निघालेच." दुसऱ्या दिवशी धम्मानंदनं साईटवर लिहिलं, 'मायलेकी दोघीबी बऱ्या हायेत.'

इकडे अपेक्षानं तपासलं, तर साईट पडलीच नव्हती. "पहारेकरीच बिघडलाय, काका. पुसून टाकते, नवा लिहिते."

बाबांनो, लय भ्यालोय मी. जमलं तर मला वाचवा. नाहीच जमलं, तर तिला एवढं सांगा, नव्याला दुसऱ्या कॉम्प्युटरवर ठेव. ज्याच्यावर पहारा, त्याच्याबरोबरच मरणारा पहारेकरी काय कामाचा?

जरा लवकर सांगा. तिनं माझ्या शेवटच्या ओळीपासून पुसायला सुरुवात केलीय.