माझे मधले खिळे

ठसा म्हटलं की तुम्हाला कचेरीतला शिक्का आठवणार. तो मी नव्हे! आमच्या समरकंदच्या गोल, जाडजूड रोटीवर तंदुरात जाण्याआधी मधोमध जे टोचलेलं फूल उमटतं ना, ते उमटवणारा ठसा मी.

माझं लाकूड जर्दाळूचं. बोतिरने ते स्वतः कातलं आणि खाली बारीक खिळ्यांचं फूल बसवलं. नवंनवं लग्न झालं होतं, बायकोपुढे मिरवायचं होतं. "बघ शोइरा, आपली रोटी लोक ह्या फुलावरून ओळखतील," म्हणाला. आणि ओळखायला लागलेसुद्धा. त्याचे वडील, आमच्या रोटीच्या दुकानाचे उस्ताद, उस्ता एर्गश, गिऱ्हाइकांना मला हातात घेऊन दाखवायचे. मीही काय कमी चढून गेलो होतो!

मग बोतिर परदेशी कामाला गेला. निघताना त्याने रोटीचा एक घास खाल्ला आणि उरलेली रोटी घरच्यांनी भिंतीवर टांगली. आमच्याकडे ती तशीच राहते. ज्याची त्यानेच परत येऊन संपवायची. तिच्यावरचं फूल माझंच आहे.

गेल्या हिवाळ्यात रोट्या बिघडायला लागल्या. मध्ये टम्म फुगा यायचा, वरची साल करपायची आणि आत पीठ कच्चंच. समोरच्या चहाखान्याच्या मालकीणबाई, ओयदिनआपा, टोपलं घेऊन भांडायलाच आल्या.

"उस्ता, ही रोटी आहे की फुगलेला बेडूक? आणखी थोडे दिवस बघते, नाहीतर दुसरं दुकान धरते."

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक त्याच; त्या गेल्या असत्या तर दुकानाला कुलूपच लागलं असतं. उस्ता पिसाळले. "पीठवाल्याने गंडवलं!" म्हणून पीठ बदललं, खमीर बदललं, तंदूर नव्याने लिंपला. नजर लागली असेल म्हणून धुरीही दिली. माझा जीव घुसमटला, पण फुगे काही जाईनात.

शेवटी शोइरा पुढे झाली. "बाबा, जरा थांबा. सगळं एकदम बदललंत, तर खोड कुठे आहे ते कळणार कसं? एका वेळी एकच गोष्ट बदलू या."

"हो गं बाई, आता तू शिकव मला रोटी करायला!"

"शिकवत नाहीये, शोधतेय."

तिने पीठ एकच ठेवलं, तंदूर तोच. निम्म्या रोट्यांवर मी टेकलो, ओळखू याव्यात म्हणून वर तीळ. उरलेल्यांवर शेजाऱ्याचा मागून आणलेला ठसा, वर कलौंजी. रोट्या बाहेर आल्या. तिळाच्या तेवढ्या फुगल्या होत्या.

शोइराचा चेहरा पडला. "तिळाचाच काहीतरी दोष असेल," ती पुटपुटली आणि तिने अदलाबदल केली. माझ्या रोट्यांवर कलौंजी, दुसऱ्या ठशाच्या रोट्यांवर तीळ. किती आशेने बघत होती बिचारी! आता कलौंजीच्या फुगल्या. मला तर पिठाच्या पोत्यात तोंड लपवावंसं वाटलं.

तिने मला उलटं केलं, बोट फिरवलं. "मधले खिळे पार झिजलेत, बाबा. भोकंच पडत नाहीत, वाफ जाणार कुठून?"

उस्तांनी मला तिच्या हातून घेतलं आणि खिळ्यांवरून अंगठा फिरवला. रोज मला हातात धरत होते, पण मुलाच्या वस्तूत खोट शोधायचं त्यांच्या मनातच आलं नव्हतं. "आत्ता नेऊन नवे बसवून आणतो," ते म्हणाले.

"नको!" शोइरा एकदम म्हणाली. "ह्याला दुसऱ्याचा हात नको. ते आले की तेच बसवतील."

तेव्हापासून मी भिंतीवर आहे. बाजारातून आणलेला ठसा काम करतो. रोट्या झकास होतात, ओयदिनआपा आता वाढवून मागतात. दुकान वाचलं ह्याचा मला आनंदच झाला, पण खोटं कशाला बोलू, रडूही आलं. खाली दिवसभर टकटक चालते, ती माझी नसते. माझ्या अंगावर पीठ बसतं आणि हात कुणाचा लागत नाही.

परवा बोतिरचा फोन आला. "माझा ठसा चालतोय ना?"

शोइराने माझ्याकडे पाहिलं. "चालतोय की. रोज."

उस्ता पाठ फिरवून कणीक मळत राहिले.

बोतिर, ती खोटं बोलली रे. मी इथे तुझ्या उष्ट्या रोटीशेजारी लटकतोय आणि रोटी वाळून दगड झालीय. मूठभर खिळ्यांचं तर काम आहे. ये आणि बसव, म्हणजे तिला पुन्हा खोटं बोलावं लागणार नाही.