मोटारखान्यातलं दान

साठी उलटल्यावर उकंडरावांनी मोटारखाना बांधायला काढला, तेव्हा सगळं शिरड शहापूर तोंडाला पदर लावून हसलं. हसण्यासारखंच होतं. गावात मोटार नव्हती, मोटार धडपणे येईल असा रस्ता नव्हता, आणि लढाईमुळे पेट्रोल वसमतच्या बड्या लोकांनाही मिळेनासं झालेलं. पण गावाचं ऐकतील तर ते उकंडराव कसले! बाप जिवंत होता तोवर त्याच्या धाकात नांगरामागे चालले, बाप गेल्यावर भावकीच्या तंट्यात केस पिकले. जीव मात्र तरुणपणी वसमतच्या कापसाच्या जिनात पाहिलेल्या इंजिनावर जडलेला होता. त्या इंजिनाचा पट्टा गरगर फिरताना पाहून त्यांना जे झालं, ते लग्नात बायकोचं तोंड पाहूनही झालं नव्हतं. हे त्यांनी स्वतः, बायकोच्या देखत, चार पाहुण्यांत हसत हसत सांगितलं होतं.

घराच्या दक्षिण अंगाला मोकळी जागा होती, तिथे मोटारखाना उभा राहिला. दगडी जोतं, वर पत्रे, भरली बैलगाडी आत वळेल असा रुंद दरवाजा, आणि आत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सागवानी टेबल. भिंतीला ओळीने खुंट्या आणि प्रत्येक खुंटीवर एक हत्यार. पाने हैदराबादेहून आलेले, रंधे आणि पटाशा नांदेडच्या. मधोमध मोटार. हिंगोलीच्या जुन्या छावणीत कुणा साहेबाने टाकून दिलेली, टपाच्या चिंध्या झालेली, बैल जुंपून ओढत आणलेली. उकंडराव रोज सकाळी अंघोळ करून देवाआधी तिला फडकं मारायचे. ही मोटार आपल्या हाताने चालू करायची आणि शिवरात्रीला औंढ्याच्या जत्रेत स्वतः हाकत न्यायची, एवढं एकच त्यांनी आयुष्याकडे मागितलं होतं.

हत्यारांना मात्र ते कुणाची सावली पडू देत नसत. सटवाजी सुताराच्या घरी लेकीचं लग्न निघालं. दाराच्या फळ्या घासायला त्याने एका दिवसापुरता रंधा मागितला. स्वतःचा त्याचा पार झिजला होता.

"रंधा देऊ? अन् उद्या म्हणशील मोटार दे वरातीला," उकंडराव म्हणाले. "चाल, दरवाजातून मागं सरक. उजेड अडवून राहिला तू."

सटवाजी मागे सरला. गावातला एकूण एक माणूस त्या दरवाजातून असा कधी ना कधी मागे सरलेला होता.

आणि एक माणूस घरातलंही होतं. त्यांची एकुलती लेक, गोजर. नवरा मेल्यावर वर्षाच्या आत दिरांनी तिचं जगणं मुश्किल केलं, तेव्हा ती गाठोडं घेऊन माहेरी आली. मोटारखान्याचा पायाही तेव्हा खणला नव्हता, नुसत्या चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. गोजर त्या रेघांपाशी उभी राहून म्हणाली, "दादा, हितं मला येक खोली काढून द्या. मी तुमच्या घरात बी येणार न्हाई. शेतात राबून खाईन."

उकंडरावांनी हातातली दोरी खाली ठेवली नाही. "हितं मोटारीचा दरवाजा येतो," ते म्हणाले. "लेकीनं सासरीच राहावं. तकलीफ कोनाला न्हाई?"

मंजुळाबाई, त्यांची बायको, पाया पडली. जन्मात पहिल्यांदा तिने नवऱ्याकडे काही मागितलं होतं. उकंडरावांनी गाडी जुंपायला सांगितली. सासरी दिरांनी गोजरला गोठ्यात अंथरूण दिलं. भाद्रपदात ती तापाने फणफणली, कुणी पाणी विचारलं नाही, आणि बैलांच्या पायाशी पोर मरून गेली. निरोप आला तेव्हा इकडे मोटारखान्याचे पत्रे चढत होते. उकंडरावांनी काम एक दिवस बंद ठेवलं. मंजुळाबाई रडली, डोळे पुसले, आणि गवंड्यांच्या भाकऱ्या थापायला बसली. त्यानंतर गोजरचं नाव तिने नवऱ्यासमोर काढलं नाही. उकंडरावांना वाटलं, विसरली. पुरुषांना असं वाटतं.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी मोटार चालू करून बघायची वेळ आली. वसमतच्या एका ओळखीच्याकडून बाटलीभर पेट्रोल मिळालं होतं. उकंडराव मोटारीचं हँडल फिरवत होते. घामाने भिजले, दम लागला, तरी फिरवत होते. आणि एकदाची मोटार खोकली. एकदाच, पण खोकली! उकंडराव आनंदाने ओरडले, आणि ओरडता ओरडताच खाली कोसळले. अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. डोळे तेवढे शाबूत, आणि कान. आणि डोकं. डोकं तर इतकं लख्ख की जमिनीवर पडल्या पडल्या त्यांच्या मनात आलं, आणखी एक फेरा मारला असता तर चालूच झाली असती.

मंजुळाबाईने त्यांची बाज मोटारखान्यातच टाकली. "त्यांचा जीव हितंच रमतो," ती लोकांना म्हणाली. बाया म्हणाल्या, बाई असावी तर अशी.

वसमतहून वैद्य आले. त्यांनी नाडी पाहिली, पायाला टाचणी टोचली, बोटं वाकवून पाहिली, आणि बाहेर दारात मंजुळाबाईला म्हणाले, "भिऊ नका. दूध, पेज बराबर चालू ठेवा, तेल चोळा. संक्रांतीपर्यंत हात उचलायला लागतील. उन्हाळ्यापर्यंत काठी घेऊन हिंडतील."

हे उकंडरावांनी बाजेवरून स्पष्ट ऐकलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. शिवरात्र नाही तर नाही, पुढची शिवरात्र.

वैद्यांची गाडी वेशीबाहेर पडली, तशी मंजुळाबाई ओट्यावर जमलेल्या लोकांकडे वळली. "वैद्यबुवांनी हात टेकले," ती म्हणाली, आणि पदरात तोंड घालून रडली. रडणं खोटं नव्हतं. फक्त ते कुणासाठी होतं, हे लोकांना माहीत नव्हतं.

त्या दिवशी तिन्हीसांजेला ती तेलाची वाटी घेऊन आत आली. वैद्याने सांगितल्याप्रमाणे लुळा हात चोळू लागली. चोळता चोळता अंगठा किंचित हलला. उकंडरावांनी सगळा जीव एकवटून तो पुन्हा हलवला आणि तिच्याकडे पाहिलं, लहान लेकरू आईकडे पाहतं तसं.

"हलतंय व्हय," मंजुळाबाई म्हणाली. "हलू द्या. मी कोनाला सांगत न्हाई." तिने वाटी खाली ठेवली. "माह्या गोजरीला तुमी जागा न्हाई म्हनले. ह्या लोखंडापायी. मी तवाच ठरवलं व्हतं, ह्यातलं येक बी तुमच्याजवळ राहू द्यायचं न्हाई. पर तुमी धडधाकट होते, माह्यानं काय होनार होतं? आता बगा."

तिचा आवाज चढला नव्हता. उद्या भाजी कोणती करायची हे सांगावं, तसं तिने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सटवाजी सुतार तब्येत पाहायला आला. रंध्याचं मनात न ठेवता आला, भला माणूस. मंजुळाबाईने त्याला बसवलं, खुंटीवरून तो नांदेडचा रंधा काढून बाजेलगतच्या टेबलावर ठेवला, आणि नवऱ्याचा लुळा हात उचलून त्यावर ठेवला. मग तांब्यातलं पाणी त्या हातावरून सोडलं. जाणाऱ्या माणसाच्या हातून दान करवतात, ती रीत कुणाला नवी नव्हती. गाय देतात, धान्य देतात, धोतरजोडी देतात. रंधा देताना कुणी पाहिलं नव्हतं, इतकंच.

"तुला न्हाई म्हनले व्हते ना, ते मनाला लागून राहिलं हाय त्यांच्या," ती म्हणाली. "घे सटवाजी. त्यांच्या हातानं घे."

उकंडराव हात मागे ओढायला धडपडले. हात मागे आला नाही, नुसता थरथरला, आणि त्या थरथरीने रंधा टेबलावर दोन बोटं पुढे सरकला.

"सरकवला!" सटवाजी ओरडला. "काकू, काकांनी आपल्या हातानं सरकवला माह्याकडं!" त्याने रंधा कपाळाला लावला, उकंडरावांच्या पायावर डोकं ठेवलं आणि रडत रडत घरी गेला. तासाभरात गावभर झालं. संध्याकाळी गावचे भटजी जोशीबुवा येऊन सांगून गेले, की जिवाची आवडती वस्तू जितेपणी हातून सुटणं हे भाग्याशिवाय होत नाही, उकंडरावांना जाताना बुद्धी झाली.

मग रांगच लागली. ज्याला ज्याला त्या दरवाजातून हाकललं होतं, तो तो आला. पटाशी, करवत, हातोडे, कानशी. मंजुळाबाई एकेक वस्तू काढायची, तो हात तिच्यावर ठेवायची, पाणी सोडायची. उकंडराव घशातून आवाज काढायचे, तो जितका मोठा तितके लोक गहिवरायचे. डाव्या हाताने त्यांनी एकदा तांब्या उडवला. मंजुळाबाईने दुसऱ्या दिवसापासून डावा हात गोधडीत गुंडाळून ठेवला, गार पडतो म्हणून. ज्या गावाने त्यांना जन्मभर कंजूस म्हणून नाव ठेवलं, तेच आता त्यांना कर्णाच्या पंगतीला बसवत होतं. आणि ती वाहवा ऐकताना त्यांना शिव्यांपेक्षा जास्त जळत होतं.

मोटार सोनाजी लोहाराला दिली. तिची चाकं जाम झाली होती, ती जागची हलेना, तेव्हा सोनाजीने तिथेच, बाजेसमोर, घण घालून तिचे तुकडे केले. या लोखंडाचे गावाला पुरून उरतील इतके विळे-खुरपी होतील, असं तो खुशीत सांगत होता. उकंडरावांनी डोळे मिटले. पण कान मिटता येत नाहीत. त्या घणाच्या आवाजात त्यांना पहिल्यांदा गोजरची आठवण झाली, आणि ती अशी झाली, की तिला एक खोली दिली असती तर आज ही मोटार वाचली असती. इतका एखाद्याचा जीव एका गोष्टीत असू शकतो. असं लुळं पडूनसुद्धा लेकीचं त्यांना दुःख झालं नाही, मोटारीचं झालं.

सगळं जात होतं, तसा उकंडरावांच्या अंगात एक निश्चय भरत होता. दिवसभर लोकांसमोर निपचित पडायचं आणि गोधडीखाली उजवी मूठ वळत राहायची. वळायची, सोडायची. वैद्याचं बोलणं खरं होत होतं. दंडात जोर येत होता. एकदा चार माणसांदेखत दाखवून दिलं की आपण बरे होतो आहोत, की हे थांबेल. वस्तू परत मागता येतील. हत्यारं परत आली, तर मोटारही पुन्हा मिळवता येईल.

संक्रांत तोंडावर आली, तेव्हा भिंतीवर एकच हत्यार उरलं होतं, हैदराबादेचा सगळ्यात मोठा पाना. तो जोशीबुवांनाच द्यायचा, असं मंजुळाबाईने ठरवलं. त्यांना पान्याचा उपयोग काय, हे त्यांनीही विचारलं नाही. सटवाजी आला, सोनाजी आला, आणखी बरीच माणसं आली. शेवटचं दान म्हणून सगळे दारात दाटीवाटीने उभे राहिले. मंजुळाबाईने उजवा हात उचलला आणि पान्यावर ठेवला.

उकंडरावांनी मूठ आवळली.

पाना त्यांच्या हातात घट्ट होता. पाणी पडलं तरी सुटला नाही. जोशीबुवांनी हलकेच ओढला, तरी सुटला नाही. उकंडरावांनी मान वळवली आणि सगळ्यांच्या डोळ्यांत पाहिलं. बघा! हा हात बघा! त्यांच्या छातीत आनंद मावेना.

सटवाजीचा चेहरा उजळला. "हाताला जोर आला की काकांच्या," तो म्हणाला.

मंजुळाबाई वाकली. तिने नवऱ्याच्या कपाळावरून हात फिरवला. "जोर न्हाई रे, लेकरा," ती म्हणाली. "जीव अडकला हाय त्यांचा त्याच्यात. म्हनून तर इतके दिवस झाले, जात न्हाई."

हे ऐकल्याबरोबर जोशीबुवांनी मान हलवली. त्यांनी असं पाहिलं होतं, सगळ्यांनीच पाहिलं होतं. कुणाचा जीव नातवात अडकतो, कुणाचा पुरलेल्या हंड्यात. "सोडवून घ्या माय," ते म्हणाले. "न्हाई तर लई हाल होतील."

तिने एकेक बोट उघडलं. उकंडराव पुन्हा मिटत होते, ती पुन्हा उघडत होती, आणि बघणाऱ्या बाया पदराने डोळे पुसत होत्या. शेवटी सटवाजीने मदत केली. त्याचा हात सुताराचा होता.

पाना निघाला. मग जोशीबुवा म्हणाले, आता बाजेवर ठेवू नये. चौघांनी उचलून त्यांना शेणाने सारवलेल्या जमिनीवर घोंगडी टाकून निजवलं. आता अन्नही देऊ नये, नुसतं गंगाजळ आणि तुळस, म्हणजे जीव मोकळा होईल, असंही त्यांनी सांगितलं. मंजुळाबाईने मान डोलावली. दुधाची वाटी तिने स्वतः उचलून बाहेर नेऊन ठेवली.

तो दिवस गेला, दुसरा गेला. लोक येऊन नमस्कार करून जात. तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे आपापल्या घरी जेवायला गेले, आणि मोटारखान्यात ती दोघंच उरली. उकंडरावांच्या पोटात आग पडली होती. मंजुळाबाई पळी घेऊन जवळ बसली, तसं त्यांनी तोंड उघडलं, पाखराचं पिलू उघडतं तसं. तिने पळीभर पाणी घातलं आणि जिभेवर तुळशीचं एक पान ठेवलं.

उकंडरावांनी ते पान चावलं. चावून चावून, चव घेत, गिळलं, आणि तोंड पुन्हा उघडलं.

मंजुळाबाई बराच वेळ त्या उघड्या तोंडाकडे पाहत राहिली.

"लई चिवट हाय जीव तुमचा," ती म्हणाली. तिने पळी तांब्यात ठेवली आणि भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून बसली. "लागू द्या दिवस लागतील तेवढे. मला तरी आता कोनाची वाट बघायची हाय?"