भोपळ्याच्या वेलाला कुलूप

बत्तीस वर्षं शाळेत कॉप्या पकडल्या की माणसाचं नाकच असं होतं, वास आधी येतो आणि पुरावा मागाहून. त्यामुळे गच्चीवरच्या भोपळ्याची फुलं रोज तुटलेली दिसायला लागली, तेव्हा मी ओळखलं, पाणी कुठंतरी मुरतंय.

आमची इमारत नऊ मजल्यांची. इथल्या पोरांना भाजी कुठून येते विचारलं तर म्हणतात, फ्रिजमधून! म्हणून निवृत्तीनंतर मी गच्चीवर सहा पिंपं मांडली, बारा पोरं गोळा केली आणि लाल भोपळा लावला. इमारतीचे अध्यक्ष पहिल्यापासून नाक मुरडत होते. शेवटी त्यांनी फर्मान काढलं, महिनाअखेरीस एक तरी भोपळा धरलेला दिसला पाहिजे, नाहीतर पिंपं खाली. पोरांची तोंडं एवढीशी झाली. माझंही झालं असणार, पण मी ते दाखवते होय!

आणि अशात रोज दोन-तीन फुलं गायब. खाली सोललेल्या पाकळ्या. मी पोरांना रांगेत उभं केलं. "फुलं कोण चोरतं? खरं सांगा." सगळी गप्प. टिकली, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची सगळ्यांत धाकटी, रोज सकाळी पाणी घालायची. तीही नुसती टकामका बघत राहिली.

मग मीच पहाटे जिन्यात दबा धरून बसले. साडेसहाला चौथ्या मजल्यावरचे घड्याळजी वर आले. दिवसभर घड्याळं दुरुस्त करणारा हा माणूस लिफ्टमध्ये कधी "बरंय ना?" एवढंसुद्धा म्हणाला नाही. असली घुमी माणसं मला वर्गातही कधी आवडली नाहीत. त्यांनी खिशातून चिमटा काढला आणि फूल तोडलं.

"लाज नाही वाटत? पोरांची फुलं!" मी ओरडले.

"अहो बाई, मी फक्त..."

"फक्त काय? चिमटा घेऊन हवा खायला आलात?"

त्यांचे कान लाल झाले. फूल पिंपाच्या काठावर ठेवून ते मुकाट्यानं खाली गेले. त्याच दिवशी मी गच्चीला नवं कुलूप घातलं, किल्ली माझ्याकडे, पाणीही मीच घालणार. चोर रंगेहाथ पकडला, असं सगळ्या इमारतीत सांगून आले.

फुलं वाचली, वेल पिवळाधमक झाला. आता तर फुलांखाली सुपारीएवढे भोपळेही दिसायला लागले. पण फूल मिटलं की तो भोपळा पिवळा पडायचा आणि गळायचा. एक गेला, चार गेले, सात गेले. मी गणिताची बाई, मला काय कळणार! शेवटी टिकलीला वर घेऊन गेले.

"बाई, इतक्या उंच मधमाशी येत नाही," ती म्हणाली. "ही साधी फुलं आणि ही भोपळावाली. साध्यातली पिवळी पूड भोपळावाल्याला लावायची. घड्याळजीकाका साध्या फुलांवर हात बसवत होते. भोपळावाली उमलली की लावणार होते."

"मग मी विचारलं तेव्हा तुझी दातखीळ का बसली होती?"

"तुम्ही विचारलंत, चोरतं कोण. कुणीच चोरत नव्हतं."

तोंडात मारल्यासारखं झालं. बत्तीस वर्षांत मी किती पोरांना असंच विचारलं असेल!

तशीच चौथ्या मजल्यावर गेले. "चुकलं माझं," म्हणाले आणि किल्ली पुढे केली.

त्यांनी आधी किल्लीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "भोपळावाल्या कळ्या किती उरल्यात?"

"एकच. उद्या उमलेल."

"मुदत?"

"सहा दिवस."

सकाळी बारा पोरं पिंपाभोवती जमली. घड्याळजींनी साधं फूल सोललं आणि माझ्याच हातात दिलं. "हलक्या हातानं, बाई." लावलं एकदाचं.

सहाव्या दिवशी अध्यक्ष आले, वाकले. सुपारीचा चांगला पेरू झाला होता. त्यांनी डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं.

"हा कुणी बाहेरून आणून चिकटवला? खरं सांगा."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात टिकली म्हणाली, "आजोबा, असं विचारलं की कुणी काही सांगत नाही."

सगळे हसले, अध्यक्षसुद्धा. मला मात्र हसू आलं नाही.