हाडात ऐकलेला दुसरा सूर

मी एक जुना स्क्रू आहे. लांबी दहा मिलिमीटर, अंग टायटॅनियमचं आणि काम पडलेल्या दाताच्या मुळाचं. मित्रांनो, हाडात माझा मुक्काम अवघा चाळीस दिवसांचा झाला. त्यानंतरची अकरा वर्षं मी नारिन गावातल्या दंतवैद्य मीरगुलच्या खणात, काचेच्या बशीत पडून आहे.

कारखान्यात मला आम्लाने खरखरीत केलं, म्हणजे हाडाला धरायला जागा मिळते. मग मी एका नळीत बंद होतो, तो थेट सईकालच्या वरच्या जबड्यात आलो.

सईकाल साठीची. बर्फावर घसरून तिचा समोरचा दात गेला होता. ती तेमिर-कोमुझ वाजवायची. लोखंडाची छोटी चौकट दातांवर टेकवायची आणि तिची पोलादी पात बोटाने छेडायची. आईने शिकवलेली एक धून ती आणि तिची धाकटी बहीण झूरा मिळून वाजवत. सईकालने विचारायचं, झूराने उत्तर द्यायचं. उत्तराचा भाग एकट्या झूरालाच येत होता आणि झूरा वारली होती. आता दातही गेल्याने सईकालला आपला भागसुद्धा लागेना.

"एजे, चार महिने धीर धरा," मीरगुल तिला थोरल्या बहिणीसारखी हाक मारत म्हणाली. "स्क्रूवर बसवलेला हा दात सध्या नुसता दिसण्यापुरता आहे. अक्रोड नाही, हाडं चघळायची नाहीत."

"म्हणजे गवत खाऊ?"

"रस्सा प्या, रस्सा!"

वाजवण्याबद्दल मीरगुलने विचारलं नाही. सईकालनेही विषय काढला नाही.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आमची पकड सर्वांत नाजूक असते. जुनं हाड झिजतं, नवं अजून पुरतं आलेलं नसतं. तरी नव्या पेशी माझ्या अंगाला चिकटत होत्या. पण सईकालची जीभ दिवसातून शंभरदा यायची, मला चाचपायची आणि दुसऱ्याच कोणाला शोधत असल्यासारखी परत जायची.

छत्तिसाव्या दिवशी झूराचं वर्षश्राद्ध होतं. भर दुपारी अंगणात माणसं जमली होती. झूराचा नवरा तालाय म्हणाला, "एजे, वाजव. नाहीतर ती रुसेल. जन्मभर माझ्यावर रुसली, आता तुझी पाळी."

"डॉक्टर खाऊ नको म्हणाली," सईकाल म्हणाली. "वाजवू नको कुठे म्हणाली?"

तिने चौकट दातांवर टेकवली आणि पात छेडली. खऱ्या दाताभोवती धक्का झेलणारे मऊ तंतू असतात. मला ते नाहीत. लोखंडाचा कंप माझ्यातून थेट हाडात गेला. केसाच्या जाडीइतका मी हललो आणि पेशी सुटू लागल्या. सुटताना दुखत नाही. तेवढ्यात दुसरा सूर आला. सईकाल विचारत होती आणि हाडात कोणीतरी उत्तर देत होतं. पात एकच हलत होती, मी लक्ष ठेवून होतो.

सईकालने चौकट क्षणभर दूर केली. जिभेने मला ढकलून पाहिलं. मी डुगडुगलो. तिला सगळं कळलं. तरी तिने चौकट पुन्हा टेकवली आणि धून शेवटपर्यंत नेली.

त्यानंतर चौथ्या दिवशी मीरगुलने मला दोन बोटांनी सहज उपसलं. "अहो एजे, मला विचारायचं तरी!"

"तू नाही म्हणाली असतीस. झूरा बोलत होती गं. मध्येच उठून येऊ?"

मीरगुल म्हणाली, एका सुरात अनेक सूर दडलेले असतात, धातूने ते हाडापर्यंत पोचवले असतील. असेलही.

पुढच्या वर्षी सईकालला नवा स्क्रू बसला. या वेळी ती चार महिने थांबली. मग दवाखान्याच्या याच खोलीत तिने वाजवलं. मी खणात होतो.

"आवाज सुरेख आलाय, एजे!"

"हो," सईकाल म्हणाली. "एकटीचा."

मित्रांनो, नव्या मुळाला त्याचा वेळ द्या. हाड कोणासाठी घाई करत नाही. आणि तुमच्यापैकी कोणी पुढे दंतवैद्य झालात, तर पडलेल्या दाताची नुसती रिकामी जागा मोजू नका. तिथे काय वाजत होतं, ते आधी विचारा.